कर्व्यांना भारतरत्न मिळालं, पण त्यांचा ५७ वर्षांचा संसार बायांनी पेलला होता

पुण्यात राहून कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये कधीच अडकला नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. नळ स्टॉपवरून कोथरूडकडे निघालात की पुढे कर्वे पुतळा लागतो आणि तिथून जवळच कर्वेनगर. म्हणजे पुणेकराच्या तोंडात दिवसातून दोन-चारदा तरी हे नाव येतंच.

हे कर्वे म्हणजे धोंडो केशव कर्वे, सगळ्या महाराष्ट्राचे महर्षी कर्वे. त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, मुलींसाठी शाळा काढली आणि देशातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं केलं. १९५८ साली, वयाला शंभर वर्षं पूर्ण होत असताना त्यांना भारतरत्न मिळालं. १०४ वर्षांचं आयुष्य जगून ते १९६२ साली गेले.

एवढं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण एक साधा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. हा माणूस कॉलेजात गणित शिकवायचा, संध्याकाळी आश्रमात जायचा, सुट्ट्यांमध्ये गावोगाव वर्गणी मागत हिंडायचा आणि हातात आलेला पैसा संस्थेला देऊन टाकायचा. मग याच्या घरची चूल कोण पेटवत होतं? चार मुलं कोणी वाढवली?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आनंदीबाई कर्वे. घरात आणि संस्थेत त्यांना सगळे बाया म्हणायचे, कर्व्यांना अण्णा म्हणायचे. १८९३ ते १९५० अशी ५७ वर्षं अण्णा आणि बायांनी एकत्र काढली. या संसारात प्रेम होतं तशी भांडणंही होती. आणि त्या भांडणांची कारणं समजून घेतली तरच हे जोडपं नीट कळतं.

आठव्या वर्षी लग्न, तीन महिन्यांत वैधव्य

बायांचं माहेरचं नाव गोदूबाई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशींची ही मुलगी. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं आणि अवघ्या तीन महिन्यांत नवरा वारला. नवरा म्हणजे काय, हेच जिला कळत नव्हतं, ती जन्मभरासाठी विधवा ठरली.

त्या काळात ब्राह्मण घरातल्या विधवेचं आयुष्य कसं होतं, ते आज सांगितलं तरी पटत नाही. डोक्यावरचे केस काढायचे, अंगावर एक लाल अलवण, जेवण एकवेळचं. लग्नकार्यात पुढे यायचं नाही, सकाळी कोणाच्या समोर यायचं नाही. आणि घरातलं राबणं मात्र सगळ्यांत जास्त. गोदूबाईंची तरणी वर्षं अशीच सासरी राबण्यात गेली.

तिकडे धोंडो कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. आजोळ शेरवली, गाव दापोलीजवळचं मुरूड. घरची परिस्थिती बेताची. शाळकरी वयात ते एका परीक्षेसाठी मित्रांबरोबर भर पावसात सह्याद्री चढून चालत साताऱ्याला गेले होते. एवढी पायपीट करून पोचले आणि चणीने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे मुंबईला येऊन मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडलं आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले.

त्यांचंही लग्न लवकर झालेलं. ते चौदा वर्षांचे आणि राधाबाई आठ वर्षांच्या. १८८२ साली त्यांना मुलगा झाला, रघुनाथ. हेच पुढे संततिनियमनाचा प्रचार करणारे आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे.

मुंबईच्या बिऱ्हाडातली ओळख

अण्णा आणि बायांची गाठ पडली ती बायांच्या भावामुळे. नरहरपंत जोशी हे अण्णांचे मित्र. मुंबईत दोघांचं बिऱ्हाड एकत्र होतं. बहिणीचं आयुष्य सासरी असं वाया जाताना बघवेना म्हणून नरहरपंतांनी तिला मुंबईला आणलं. म्हणजे गोदूबाई या घरात आल्या तेव्हा राधाबाई हयात होत्या आणि रघुनाथ लहान होता. कर्व्यांच्या घराला त्या अनोळखी नव्हत्या.

याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तारीख होती ११ मार्च १८८९. विधवांना शिकवणारी, त्यांना पायावर उभं करणारी ही शाळा. नरहरपंतांनी बहिणीला तिथे घातलं. सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी या गोदूबाईच. मोठं वय, आणि अक्षरओळखीपासून सुरुवात. १८९० मध्ये शारदा सदन पुण्याला हललं आणि त्याच्याबरोबर गोदूबाईही पुण्यात आल्या.

१८९१ हे साल अण्णांच्या आयुष्यात सगळं उलटंपालटं करून गेलं. राधाबाई वारल्या. आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले होते आणि गणिताची जागा मोकळी होती.

अण्णा पस्तिशीला आलेले, पदवीधर, कॉलेजातले प्राध्यापक. अशा विधुराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज सांगून यायची. समाजाला त्यात काही वावगं वाटत नसे. पुरुषाने कितीही वेळा बोहल्यावर चढावं, बाईने मात्र आठव्या वर्षी झालेलं वैधव्य मरेपर्यंत वागवावं, असा तो न्याय होता. अण्णांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. गोदूबाईंच्या वडिलांशी बोलणं झालं तेव्हा त्यांच्या लेकीचाच विषय निघाला. वडील तयार झाले, गोदूबाईही तयार झाल्या.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न लागलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

कायदा होता, पण गाव कायद्याने चालत नव्हतं

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विधवेने लग्न करणं तेव्हा बेकायदा नव्हतं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, म्हणजे या लग्नाच्या ३७ वर्षं आधी. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांसारख्यांनी १८६९ पासून असे विवाह लावूनही दिले होते. पण कायदा लग्न लावून देतो, पंगतीला बसवत नाही. जातीतून वाळीत टाकलं की पाणी, न्हावी, भटजी, सोयरीक सगळंच तुटायचं. त्यामुळे भाषणं करणारे सुधारक पुष्कळ होते आणि प्रत्यक्ष विधवेशी लग्न करणारे बोटांवर मोजण्याइतके.

अण्णा आणि बायांना याचा अनुभव मुरूडमध्ये आला. गंमत बघा, याच मुरूडसाठी अण्णांनी मुंबईत नोकरी करताना मुरूड फंड काढून पैसे गोळा केले होते. आता त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचे ठराव केले. कर्व्यांबरोबर कोणी बसायचं नाही, ते असतील त्या सभेला जायचं नाही, भावाने त्यांना घरात घेतलं तर भावालाही वाळीत टाकायचं. आई, बहीण, भाऊ सगळे जिवाभावाचे, पण गावाच्या धाकापुढे त्यांचा इलाज नव्हता. लेकाने चांगलं काम केलंय असं वाटलं तरी आईला त्याला उघडपणे जवळ घेता येत नव्हतं.

अण्णा गप्प राहिले. भांडायला गेले नाहीत, पण माघारही घेतली नाही. पुण्यात परतून १८९३ सालीच त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीच्या कामाला सुरुवात केली. अशी लग्नं केलेल्या कुटुंबांना एकत्र आणायचं, एकमेकांच्या पंगतीला बसवायचं, म्हणजे कोणी एकटं पडणार नाही, असा साधा विचार त्यामागे होता.

आश्रम निघाला आणि बायांनाच दार बंद झालं

लवकरच अण्णांच्या लक्षात आलं की लग्न हा सगळ्या विधवांवरचा उपाय होऊ शकत नाही. शेकडो बाया-मुली घरोघरी खितपत पडलेल्या होत्या. त्यांना आधी शिक्षण हवं होतं, चार पैसे कमवायची ताकद हवी होती. शारदा सदनात १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्यामुळे अशा मुलींसाठी दुसरी सोय लागणार हेही दिसत होतं. १४ जून १८९६ रोजी अण्णांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला.

आणि इथेच या संसारातली सगळ्यांत अवघड गाठ बसली.

आश्रमात विधवा मुली येणार त्या सनातनी घरांतून. या आश्रमात मुलींची परस्पर लग्नं लावून देतात अशी नुसती कुणकुण लागली असती, तरी एकाही बापाने मुलगी पाठवली नसती. वर्गणीदारांनीही हात आखडता घेतला असता. म्हणून अण्णांनी आश्रमाचं काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून काटेकोरपणे वेगळं ठेवलं. स्वतः प्रचार थांबवला.

पण मग बायांचं काय? त्या तर चालत्याबोलत्या पुनर्विवाहिता. जी बाई विधवांचं दुःख आतून भोगून बाहेर आली होती, जी शारदा सदनात शिकली होती, जिला या कामाची सगळ्यांत जास्त ओढ होती, तिलाच नवऱ्याच्या आश्रमापासून लांब राहावं लागलं. पुढे त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आली. त्या विधवा होत्या, पुनर्विवाह न केलेल्या. त्यामुळे त्यांना तिथे काम करायला कोणाची हरकत नव्हती. आश्रमाचा सगळा कारभार पार्वतीबाईंनी सांभाळला, त्याच्यासाठी निधी गोळा करायला त्या एकट्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. सख्ख्या दोन बहिणी, दोघी विधवा झालेल्या. एकीला आश्रमात मानाची जागा आणि दुसरी दाराबाहेर, कारण तिने संस्थापकाशी लग्न केलं होतं.

बायांना हे लागलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले, त्यावर एक झोपडीवजा घर उभं राहिलं. आज तिथे कर्वेनगर आहे, तेव्हा ते रान होतं. शहरापासून चार मैल, धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला निघायचे. मुक्काम तिथेच. सकाळी पुन्हा चालत कॉलेजात.

हे चित्र आपल्याला आवडतं, त्याच्यावर धडे आहेत. पण त्याच वेळी शहरातल्या बिऱ्हाडात लहान मुलांना घेऊन एकटी बाई रात्र काढत होती, हे त्या धड्यात येत नाही.

विम्याची पॉलिसी आणि नागपूरचं सर्टिफिकेट

अण्णा डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. म्हणजे आयुष्यभर कमी पगारावर काम करायची शपथ घेतलेले. त्या पगारातूनही ते जमेल तेवढं आश्रमाकडे वळवायचे. बायकोमुलांसाठी मागे राहील अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांच्या आयुर्विम्याची पॉलिसी. एके दिवशी अण्णांनी तीही आश्रमाच्या नावे करून दिली.

आता जरा बायांच्या जागी उभं राहून विचार करा. पदरात मुलं. सासरच्या गावाने वाळीत टाकलेलं. उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्यांदा वैधव्य येणार, आणि या वेळी पोरांसकट. आसरा मागायला एक दार उघडं नाही. वैधव्यात काय होतं हे ज्या बाईला पुस्तकातून नाही तर अंगावरच्या वळांवरून ठाऊक होतं, तिच्या हातातली शेवटची काठी नवऱ्याने दुसऱ्या विधवांसाठी देऊन टाकली.

बाया चिडल्या नसत्या तरच नवल. पण त्या नुसत्या चिडून बसल्या नाहीत. नवरा घरासाठी काही साठवणार नाही हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं, त्यामुळे घर आपल्याच हिमतीवर चालवायचं, असा त्यांनी निश्चय केला होता. त्यासाठी नागपूरला जाऊन त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं. लग्न झालेली, मुलं असलेली बाई नवऱ्याला सोडून परगावी शिकायला जाते आणि नवरा तिला जाऊ देतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. अण्णांचं मोठेपण इथेही दिसतं. त्यांनी घराला पैसे दिले नाहीत, पण बायांची वाटही कधी अडवली नाही.

नागपूरहून सर्टिफिकेट घेऊन आलेल्या बाया पुण्यात सुईण म्हणून काम करू लागल्या. अवेळी बोलावणं आलं की उठायचं, कोणाच्या तरी घरी जाऊन बाळंतपण उरकायचं, परत येऊन आपल्या पोरांच्या भाकरीला लागायचं. त्या पैशांवर घर चाललं.

आणि घर नुसतं चाललं नाही, तर मुलं काय निघाली ते बघा. रघुनाथ हा राधाबाईंचा मुलगा, बाया घरात आल्या तेव्हा अकरा वर्षांचा. १८९९ साली तो मॅट्रिकला पहिला आला. बायांचा थोरला मुलगा शंकर डॉक्टर झाला आणि पूर्व आफ्रिकेत मोंबासाला जाऊन नावारूपाला आला. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे. धाकटे भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतलं. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोन लेखिका याच घरातल्या नाती.

झोपडीतून विद्यापीठ

इकडे अण्णांचं काम वाढतच होतं. १९०७ साली त्यांनी महिला विद्यालय काढलं, आता फक्त विधवांसाठी नाही तर सगळ्या मुलींसाठी. १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला. संस्थेसाठी आयुष्य देणारी माणसं तयार करायची, हा त्याचा हेतू. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. छप्पन्नाव्या वर्षी माणूस घरी बसेल, निदान आता तरी संसाराकडे बघेल, असं कोणालाही वाटलं असतं.

पण त्यांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली आणि नवा ध्यास सुरू झाला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची मुहूर्तमेढ रोवली. शिक्षण मातृभाषेतून. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी किती, तर पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी असं झालं. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो, ते हेच.

१९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, अण्णा जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये त्यांची आईनस्टाईनशी भेट झाली. तिथून आल्यावर काही महिन्यांतच ते आफ्रिकेला गेले आणि तिथे जवळपास सव्वा वर्ष हिंडून विद्यापीठासाठी निधी गोळा करत राहिले.

दरम्यानच्या काळात समाजही थोडा बदलला होता. आश्रमाचं नाव झालं होतं, पुनर्विवाहाचा बागुलबुवा ओसरला होता. ज्या संस्थेपासून बायांना सुरुवातीला लांब राहावं लागलं, तिच्यासाठी पुढे बाया स्वतः वर्गणी गोळा करत फिरल्या. घरी कुरकुर करणाऱ्या बाया बाहेर मात्र या कामासाठी कोणापुढेही हात पसरायला कमी करत नसत.

याला काय म्हणायचं? त्यांचं भांडण अण्णांच्या कामाशी कधीच नव्हतं, ते काम त्यांचंही होतं. त्यांची तक्रार एवढीच होती की या कामाची किंमत घरातल्या माणसांनी, तीही न विचारता, का मोजावी? ही तक्रार खरी होती आणि अण्णांकडे तिचं उत्तर नव्हतं. आपल्या आत्मचरित्रात, घराकडे आपलं दुर्लक्ष झालं आणि बायांमुळेच सगळं निभावलं, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आहे.

म्हातारपण

१९३६ साली अण्णा ७८ वर्षांचे होते. महिना ७० रुपये पेन्शन. खेड्यांत शाळा नाहीत म्हणून त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि सुरुवातीचा खर्च म्हणून त्या सत्तरमधले १५ रुपये दरमहा द्यायला लागले. वाढत्या वयात दारोदार हिंडून वर्गणी मागायला लागले. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला.

त्याच १९४४ साली बायांनीही एक मोठं काम केलं. त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, 'माझे पुराण'. ते संपादित केलं त्यांच्या धाकट्या सुनेने, कावेरीबाई कर्वे यांनी. मोठ्या वयात अक्षरं गिरवलेल्या बाईने आपलं आयुष्य आपल्याच रोखठोक भाषेत मांडलं. थोर पुरुषाची बायको म्हणून नुसती आरती न ओवाळता, त्या संसारात काय सोसलं तेही सांगितलं. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विषय निघाला की आजही या पुस्तकाचं नाव घेतलं जातं.

१९५० साली बाया गेल्या. ५७ वर्षांचा संसार संपला. अण्णा तेव्हा ९२ वर्षांचे होते.

यानंतर ते आणखी बारा वर्षं जगले आणि मोठे मानसन्मान नेमके याच बारा वर्षांत आले. १९५१ ला पुणे विद्यापीठाची मानद पदवी, १९५५ ला पद्मविभूषण, १९५७ ला मुंबई विद्यापीठाची पदवी आणि १९५८ ला भारतरत्न. मुंबईत त्यांच्या शताब्दीच्या सोहळ्याला पंडित नेहरू आले होते. हे सगळं बघायला बाया नव्हत्या. ज्या बाईच्या हातचं जेवून हा माणूस शंभरीपर्यंत पोचला, तिच्या वाट्याला यातला एकही हार आला नाही. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांनीही डोळे मिटले.

सावली आणि हिमालय

पुढे दहा वर्षांनी, १९७२ साली, वसंत कानेटकरांचं 'हिमालयाची सावली' हे नाटक रंगभूमीवर आलं. नानासाहेब भानू आणि बयो ही त्यातली पात्रं अण्णा आणि बायांवरून घेतलेली आहेत हे प्रेक्षकांना लगेच कळलं. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांनी त्या भूमिका केल्या होत्या. समाजासाठी झटणाऱ्या माणसाच्या घरात काय चालतं, हा प्रश्न त्या नाटकाने महाराष्ट्रापुढे ठेवला.

आपण दीर्घ संसाराचं कौतुक करतो तेव्हा बहुतेक वेळा पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो, दोघांचं हसणं आणि एकमेकांशिवाय पान हलत नाही अशा गोष्टी सांगतो. अण्णा आणि बायांचा संसार तसा नव्हता. कित्येक वर्षं ते रात्रीही एका छपराखाली नव्हते. पैशावरून त्यांचे वाद झाले. एकाने जगाचा संसार मांडला आणि दुसरीने घराचा. पण गावाने वाळीत टाकलं तेव्हा, घरात पैसा नव्हता तेव्हा, शिव्याशाप ऐकावे लागले तेव्हा, यातल्या एकानेही आपण ११ मार्च १८९३ ला चूक केली असं म्हटलं नाही. उलट त्या लग्नाने काय सिद्ध करायचं होतं, ते दोघंही आयुष्यभर आपापल्या परीने सिद्ध करत राहिले.

आज कर्वेनगरच्या त्याच जागेत महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे. शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. रोज सकाळी हजारो मुली पाठीला सॅक लावून त्या फाटकातून आत जातात. त्यातल्या कोणालाही, तुझं लग्न कितव्यांदा झालंय म्हणून दारात थांबवत नाहीत.

संस्थेच्या इतिहासात गोखल्यांची सहा एकर जमीन आहे, ठाकरसींचे १५ लाख आहेत. त्यांची नोंद व्हायलाच हवी. पण एका सुईणीने लोकांची बाळंतपणं करून घर चालवलं आणि त्यामुळे एका प्राध्यापकाला आपला सगळा पगार, विमा आणि वेळ संस्थेला देता आला, ही देणगी कोणत्याच पावतीपुस्तकात नाही.

'माझे पुराण' कुठल्या लायब्ररीत दिसलं तर नक्की वाचा. कर्वे रोडच्या सिग्नलला थांबल्यावर मग दोन नावं आठवतील.